शनिवारी घरी न्या म्हणतात, पण न्यायचं कुठे?

या वेळचं पत्र धायरीहून आलंय. लिहिणारी २९ वर्षांची आहे, नाव टाकू नका म्हणाली म्हणून टाकत नाही. तिच्या दादाला, वय ३४, नवले पुलाच्या उतारावर बाईकवरून जाताना टेम्पोने उडवलं. डोक्याला मार, त्याच रात्री ऑपरेशन, कवटीचं उजवीकडचं हाड काढून, पुढे परत बसवायला म्हणून, पोटाच्या कातडीखाली ठेवलंय. आज ४१ दिवस झाले. गळ्याला ट्रॅकी (श्वासासाठी भोक पाडून घातलेली नळी), नाकात नळी, लघवीला कॅथेटर, डोळे उघडतो पण ओळख देत नाही. हॉस्पिटल म्हणतंय आता आमच्याकडे करण्यासारखं काही उरलं नाही, शनिवारी घरी न्या. घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचं वन बीएचके, लिफ्ट नाही, आई ६३ वर्षांची, तिला शुगर, शिवाय वहिनी आणि चार वर्षांचं पोर. दोन वृद्धाश्रमांनी ट्रॅकी म्हटल्यावर फोन ठेवला. एका रिहॅब सेंटरने महिना ६५ हजार सांगितले, दुसऱ्याने एक लाख वीस. मेडिक्लेमवाल्यांनी रिहॅबचं मिळत नाही म्हणून आधीच हात वर केलेत. मामा म्हणतात घरचं माणूस बाहेर टाकू नका. न्यू जर्सीचा मावसभाऊ म्हणतो तिकडे यासाठी वेगळ्या फॅसिलिटी असतात आणि इन्शुरन्स पैसे देतो, पुण्यात कसं काही नाही? आणि शेवटी तिने विचारलंय, "काकू, त्याला कुठे ठेवू? आणि ठेवलं तर आम्ही त्याला टाकलं असं होईल का?"

अगं, आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगते, कारण तो डोक्यात असेल तर बाकीचं काही सुचणार नाही. नाही होत. मामांचा जीव तुटतोय म्हणून ते बोलतायत, त्यांच्यावर रागावू नकोस, पण दादाला आत्ता जे लागतंय ते प्रेमाने भागणारं नाहीये, त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवणारे हात लागतात, कफ अडकला की मिनिटभरात ओढून काढणारं माणूस लागतं, आणि ते रात्री तीनलासुद्धा जागं लागतं. हे घरात जमलं तर घर, सेंटरमध्ये जमलं तर सेंटर. दोन्हीकडे तो तुमचाच आहे.

आता 'कुठे ठेवू'. तुला वाटत असेल काकू चार नावं देतील. नावं नाही देत, कारण नावाने काही कळत नाही, माणसं बदलली की सेंटर बदलतं. मी तुला दुसरंच काम सांगते आणि ते शनिवारच्या आधी करायचंय. दादाला चोवीस तासांत नक्की काय काय लागतं ते डॉक्टरांकडून लेखी घे. डिस्चार्ज समरी वेगळी, हा कागद वेगळा. सेंटर निवडताना, मेडिक्लेमशी भांडताना, कोर्टात, सगळीकडे हाच कागद चालणार आहे आणि नेमका तोच कुणी देत नाही, मागावा लागतो.

हे मी इतकं ठासून का सांगतेय तर माझ्या घरात हे झालंय. मी १९ वर्षं वॉर्डात सिस्टर होते, आणि माझ्या धाकट्या दिरांना असाच डोक्याला मार लागला तेव्हा आम्हाला घरी पाठवताना समरीवर लिहिलं होतं, 'आरटी फीड चालू, सक्शन एसओएस, फिजिओ'. बस्स. आरटी फीड म्हणजे नाकातल्या नळीतून अन्न, सक्शन म्हणजे मशीनने कफ ओढून काढणं, आणि एसओएस म्हणजे लागेल तेव्हा. लागेल तेव्हा म्हणजे कधी, कुणी ओळखायचं, कफ सुकू नये म्हणून काय करायचं, एक अक्षर नाही. वॉर्डात नेब्युलायझेशन, म्हणजे कफ ओला ठेवणारी वाफ, दिवसातून चार वेळा चालायचं, ते समरीत उतरलंच नाही, आणि मी सिस्टर असून माझ्याही लक्षात आलं नाही कारण घरी मी सिस्टर नव्हते, वहिनी होते. तिसऱ्या रात्री अडीचच्या सुमाराला ताटावर चमचा घासावा तसा आवाज यायला लागला. उठून बघते तर ओठ निळे. सक्शनची नळी आत जाईना. मग हात थरथरत ट्रॅकीची आतली नळी फिरवून बाहेर काढली, तिच्या टोकाला चिंचोक्याएवढा हिरवट कडक गोळा बसला होता, आणि ती निघाल्याबरोबर त्यांनी इतका मोठा श्वास घेतला की तो आवाज मला आजही येतो. त्या कागदावर एक ओळ जास्त असती तर ती रात्र आलीच नसती.

म्हणून तू उद्या सकाळी न्यूरोसर्जनची वेळ माग, राउंडच्या घाईत उभ्याउभ्या नको, दहा मिनिटं बसून. आणि लेखी घे. ट्रॅकीची नळी कुठल्या साईझची, टोकाला फुगा असलेली ('कफ्ड') की साधी, कधी बदलायची, सक्शन साधारण किती तासांनी, नेब्युलायझर किती वेळा. फीड किती मिली आणि किती वेळा, डोकं किती अंशांवर उचलून (३० ते ४५ असतं, आणि फीडनंतर पाऊण-एक तास तसंच ठेवायचं). नाकातली नळी चार आठवड्यांच्या वर लागणार असेल तर पोटातली पेगची नळी घालायची का हेही विचार, ४१ दिवस झालेत म्हणजे ही चर्चा व्हायला हवी होती. फिटची औषधं कुठली आणि कधीपर्यंत. उजव्या बाजूला हाड नाही म्हणजे त्या बाजूवर दाब द्यायचा नाही, हे मोठ्या अक्षरात लिहून बेडच्या डोक्याशी चिकटवायचं, कारण रात्रीच्या ड्युटीला नवीन आलेल्या मावशीला हे कुणी सांगत नाही. हाड परत बसवायचं ऑपरेशन साधारण कधी. आणि सगळ्यात शेवटी, कुठली लक्षणं दिसली तर ताबडतोब परत आणायचं. ताप, उलट्या, जास्त गुंगी, हाड काढलेली जागा फुगून टणक होणं, कारण असल्या माराच्या नंतर काही आठवड्यांनी डोक्यात पाणी साठू शकतं आणि लोक म्हणतात पेशंट सुस्त झालाय, आणि दिवस वाया जातात.

हे सगळं लिहून दिल्यावर डॉक्टरांना म्हणावं, घरच्या दोन माणसांना सक्शन, फीड आणि कुशीवर वळवणं तुमच्या सिस्टरसमोर स्वतःच्या हाताने करू दे, आणि ते जमेपर्यंत चार-पाच दिवस द्या. भांडून नको, पण ठामपणे. बिल वाढतंय हे मला कळतं गं, पण इथले चार दिवस पुढे न्यूमोनिया होऊन आयसीयूत परत जाण्यापेक्षा स्वस्त पडतात. सेंटरमध्ये ठेवणार असाल तरीही शिका, तुम्हाला येत असेल तर तिथलं चुकतंय ते दिसेल.

आता तुझ्या मावसभावाचं. तो खोटं बोलत नाहीये, अमेरिकेत हॉस्पिटल आणि घर यांच्या मधली एक पायरी कायद्याने ठरलेली आहे, स्किल्ड नर्सिंग फॅसिलिटी म्हणतात, तिथे नर्स चोवीस तास, थेरपिस्ट असतात. पण त्यांचा सरकारी विमा, मेडिकेअर, तोसुद्धा एका आजारपणात जास्तीत जास्त १०० दिवसच देतो, त्यातले पहिले वीस पूर्ण आणि पुढे रोजचा वाटा पेशंटचा, आणि मेडिकेअर मुळात ६५ च्या वरच्यांना किंवा दीर्घ अपंगत्व असलेल्यांना. म्हणजे ३४ च्या मुलाला तिथेही लगेच सगळं फुकट नाही. तरी एक गोष्ट खरी, तिथे ती पायरी आहे, तिला नाव आहे. आपल्याकडे आयसीयू आहे, वॉर्ड आहे आणि त्यानंतर थेट तुमचा तिसरा मजला. मधलं जे काही आहे ते घरी नर्स-मावशी पुरवणारे ब्युरो, वृद्धाश्रम आणि रिहॅब नावाचे फ्लॅट, आणि हे सगळं एकाच मापाने चालतं. सरकारी दवाखान्यात बेड मिळतो तो उपचारांपुरता, महिनोन्महिने नर्सिंगसाठी नाही. मला हे मनापासून खुपतं, कारण आपण लाखो रुपये घालून माणसाचा जीव वाचवतो आणि मग नळीतल्या कफाने जाऊ देतो.

सेंटर बघायला जाशील ना, तेव्हा दिवसा एकदा जा आणि रात्री साडेनऊनंतर एकदा जा, न सांगता. दिवसा फिजिओची खोली, रंगीत बॉल, टाइल्स चकाचक असं सगळं दाखवतात. मी एकदा एका ओळखीच्यांसाठी बघायला गेले होते, दुपारी खूप आवडलं, रात्री परत गेले तर आठ पेशंटना एक पोरगा, विशीतला, बिचारा एकटाच, आणि तो एका आजोबांना सपाट झोपवून सिरिंजने फीड ढकलत होता, दट्ट्या दाबून, कारण अजून सहा जण बाकी होते. आजोबांचे डोळे छताला आणि घशातून गुळगुळ आवाज. त्या पोराला दोष देऊन काय करणार, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. मी बेडचं डोकं वर केलं, सिरिंजचा दट्ट्या काढून फीड आपोआप उतरू दिलं आणि त्याला म्हटलं असं करायचं रे. तो म्हणाला, मॅडम असं केलं तर एकाला वीस मिनिटं लागतील. हो, लागतात.

तर रात्री तिथे बघ की किती पेशंटना किती माणसं, आणि त्यात नर्सिंगचा कोर्स, म्हणजे जीएनएम किंवा बीएस्सी, झालेली, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन असलेली सिस्टर किती आणि युनिफॉर्म घातलेले अटेंडंट किती, कारण ब्युरोवाले सगळ्यांनाच सिस्टर म्हणतात. ट्रॅकीच्या पेशंटच्या उशाशी त्याच साईझची एक आणि एक साईझ लहान अशा जादाच्या नळ्या आहेत का, नळी निसटून आली तर धावपळ करायला वेळ नसतो. सक्शन मशीन लाईट गेल्यावर कशावर चालतं, आपल्याकडे गुरुवारी लाईट जाते हे त्यांना सांगावं लागू नये. डॉक्टर रोज येतात की फोनवर. रात्री बिघडलं तर कुठल्या हॉस्पिटलला नेतात, ॲम्ब्युलन्स कुणाची. महापालिकेचं नर्सिंग होम रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट भिंतीवर लावलंय का ते बघ. 'आम्ही केअर सेंटर आहोत, आम्हाला लागत नाही' असं उत्तर आलं तर समजून घे की तिथे ट्रॅकीचा पेशंट ठेवायचा नाही.

आणि एक प्रश्न असा विचार की उत्तरावरून सगळं कळेल. विचार, 'ट्रॅकी काढायचा तुमचा प्लॅन काय?' चांगलं सेंटर सांगेल की आधी कफ किती येतो बघू, मग नळीला टोपी लावून काही तास, मग जास्त, स्पीच थेरपिस्टकडून गिळणं तपासू. नुसतं 'बघू, वेळ लागेल' म्हणाले तर ते दादाला सांभाळतील, पण पुढे नेणार नाहीत. ६५ हजार आणि एक लाख वीस यातला फरक पैशांनी मोजू नकोस, दोघांच्याही समोर तुझा कागद ठेव आणि ओळीओळीवर विचार, हे कोण करणार, दिवसा कोण, रात्री कोण, यात धरलंय का वेगळं लावणार. महागडं चांगलंच असतं असं नाही, आणि कधीकधी ६५ हजारवाल्याचे डायपर, औषधं, फिजिओ, ऑक्सिजन धरून एक लाखाच्या वर जातात.

'ओळख देत नाही' असं तू लिहिलंयस त्यावर थोडं थांबते. डोळे उघडे पण भान नाही, आणि थोडंसं भान आहे पण दाखवता येत नाही, या दोन वेगळ्या अवस्था आहेत आणि घाईत बघितलं तर दुसरीला पहिली समजण्याची चूक बऱ्याचदा होते. २०१८ साली अमेरिकेतल्या न्यूरोलॉजीच्या संस्थेने तर पहिल्या अवस्थेला लावला जाणारा 'पर्मनंट' (कायमची) हा शब्दच काढून टाकला, कारण वर्षानंतरही काही पेशंट वर येतात. सगळे येत नाहीत, मी तुला खोटी आशा देणार नाही, पण ४१ दिवसांवर 'आता काही होणार नाही' असं म्हणायला हा काळ नाहीच. भान किती आहे ते मोजणारी कोमा रिकव्हरी स्केल म्हणून तपासणी आहे, ती एकदा करून चालत नाही, वेगवेगळ्या वेळेला पुन्हा पुन्हा करायची असते, तुझ्या सेंटरमध्ये ती करणारं कुणी आहे का विचार. अमँटाडिन नावाचं जुनं औषध आहे, माराच्या चार ते सोळा आठवड्यांतल्या १८४ पेशंटवर त्याचा अभ्यास झाला, २०१२ मध्ये छापून आला, त्यात सुधारणा लवकर दिसली होती. दादाला ते चालेल की नाही हे न्यूरोलॉजिस्टच ठरवतील, फिटचा धोका आणि किडनी बघून, पण विचारायला काय हरकत आहे. गुंगी आणणारी कुठली औषधं उगाच चालू राहिलीत का तेही.

आणि तू स्वतः एक कर. छोटा आरसा घे, त्याचा चेहरा त्याला दिसेल असा धर आणि हळूहळू डावीकडे, मग उजवीकडे ने. माणूस दुसऱ्या कशाकडे नाही वळला तरी स्वतःच्या चेहऱ्यामागे नजर नेतो असं बऱ्याच पेशंटमध्ये दिसतं. नजर गेली तर मोबाईलवर व्हिडिओ काढ, वेळ लिहून ठेव, डॉक्टरांना दाखव. नाही गेली तर दुसऱ्या दिवशी, आंघोळ झाल्यावर, बसतं केल्यावर, परत.

पैशांचं आता. मेडिक्लेमवाल्यांनी ज्यावर बोट ठेवलंय ते इर्डाने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, सगळ्या कंपन्यांना ठरवून दिलेल्या, क्लेममधून वगळायच्या गोष्टींच्या यादीतलं पाच नंबरचं कलम आहे, रेस्ट क्युअर, रिहॅबिलिटेशन आणि रेस्पाइट केअर. पण ते नीट वाच. त्यात म्हटलंय की मुख्यतः सक्तीच्या विश्रांतीसाठी असलेलं आणि उपचारांसाठी नसलेलं ॲडमिशन मिळत नाही, आणि आंघोळ, कपडे, हिंडणंफिरणं यांसाठीची देखभाल मिळत नाही. ट्रॅकी काढण्यासाठी चाललेले प्रयत्न, गिळण्याची थेरपी, फिटवर लक्ष, इन्फेक्शनचे उपचार ही विश्रांती आहे का? म्हणून डॉक्टरांच्या कागदावर 'रिहॅबसाठी पाठवत आहोत' एवढंच नको, कुठला उपचार, का ॲडमिट राहूनच, किती दिवस, हे सगळं हवं, आणि अर्थात जे खरं आहे तेवढंच. नकार आला तर लेखी माग. कंपनीच्या तक्रार विभागाला लिही, महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालांकडे जा, त्यांचं ऑफिस आपल्या पुण्यात नारायण पेठेत आहे, वकील लागत नाही, फी नाही, ५० लाखांपर्यंतची तक्रार चालते, फक्त नकारानंतर वर्षाच्या आत. जिंकशीलच असं मी म्हणत नाही, देखभालीचा भाग बहुतेक सुटेल, पण उपचारांचा भाग का सोडायचा?

दादाच्या कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम असेल तर एचआरला 'कॉर्पोरेट बफर' आहे का ते विचार, मोठ्या आजारासाठी जादाची रक्कम बाजूला ठेवलेली असते, मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही. आणि बाईकच्या पॉलिसीचा कागद शोध. बाईक दादाच्याच नावावर असेल, लायसन्स असेल आणि त्याने मालक-चालकाचं पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर घेतलं असेल तर ते १५ लाखांचं असतं, मृत्यूवरच नाही, कायमच्या पूर्ण अपंगत्वावरही आहे. माणसं हे साफ विसरतात.

टेम्पोवाल्याच्या विम्याकडून भरपाई मागायची ती शिवाजीनगर कोर्टात, मोटार अपघात दावा प्राधिकरणात. कायदा बदललाय, १ एप्रिल २०२२ पासून अर्ज अपघातानंतर सहा महिन्यांत करायचा असं झालंय, तेव्हा दादा जरा बरा होऊ दे मग बघू असं करू नका. एफआयआर, पंचनामा, टेम्पोच्या पॉलिसीची कॉपी आत्तापासून गोळा करा. आणि इथे तुझा तो कागद परत येतो बघ. डोक्याला जबर मार लागलेल्या एका लहान मुलीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये अटेंडंटचा खर्च आयुष्यभराचा धरून, वयाप्रमाणे गुणक लावून हिशेब केला होता. म्हणजे 'याला चोवीस तास माणूस लागतं' हे डॉक्टरांनी लिहिलेलं असणं आणि ब्युरोची, डायपरची, सक्शनच्या नळ्यांची पावती जपलेली असणं, यावर पुढची वीस-तीस वर्षं ठरतात. ब्युरोवाला रोख मागतो आणि पावती देत नाही, त्याला सांग यूपीआयनेच देणार.

वहिनीला दादाचं बँक खातं चालवता येईना झालं असेल, सह्या अडल्या असतील. कोमातल्या माणसाचा पालक नेमायला आपल्याकडे वेगळा सरळ कायदा नाही, हायकोर्टात जावं लागतं, मुंबई हायकोर्टाने २०२० मध्ये अशाच एका केसमध्ये बायकोला पालक नेमलंय. वकिलाला हे सांग म्हणजे तो चाचपडत बसणार नाही. पुढे हाड बसवायच्या ऑपरेशनच्या वेळी पैसे संपत आलेले असतील, तेव्हा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारायचं, आणि योजनेत नसलेलं असेल तर धर्मादाय हॉस्पिटलमधल्या राखीव खाटा, १० टक्के निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आत्ताच काढायला टाक, वेळ लागतो.

माझं मत विचारशील तर पहिले दोन-तीन महिने सेंटर, ट्रॅकी निघेपर्यंत, आणि मग घर. तिसऱ्या मजल्यावर ट्रॅकीसकट नेलं तर प्रत्येक वेळी खाली आणायला चार माणसं आणि स्ट्रेचर, आणि वहिनी सहा आठवड्यांत आडवी पडेल. तेवढ्या काळात तळमजल्यावर भाड्याने काही मिळतंय का धायरीतच बघा. सेंटरमध्ये घरचं कुणीतरी रोज जाईल असं ठेवा, रोज वेगळ्या वेळेला, म्हणजे त्यांनाही माहीत राहतं की याला विचारणारं माणूस आहे. कुशीवर वळवल्याची वेळ लिहायचा तक्ता बेडला लावायला सांगा आणि पाठ स्वतः बघा, माकडहाडाशी लाली दिसली की त्याच दिवशी बोला.

पोराला बाबा दाखवायचा का असं वहिनी विचारतेय असं तू मेलच्या शेवटी लिहिलंयस. दाखवा. आधी फोटो दाखवून नळ्या कशाला आहेत ते सांगा, मग पाच मिनिटं, त्याला हवं तर हात धरू दे, नको तर राहू दे. त्याचा आवाज मात्र रोज ऐकवा दादाला, व्हिडिओ कॉलवर चालेल.

रात्री सेंटर बघायला जाशील तेव्हा एकटी जाऊ नकोस, दादाच्या एखाद्या मित्राला बरोबर घे, आणि परतीची रिक्षा थांबवूनच ठेव, त्या आतल्या गल्ल्यांत दहानंतर मिळत नाही.